स्वतःच्याच ओळखीनं

माझ्या आत्याला कुणी विचारलं, "तुम्ही कोण?" तर तिच्या आधी दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायचं. लहानपणी तिचे वडील, मग तिचा नवरा, आणि नवरा गेल्यावर धाकटा दीर. "आमची वहिनी. हॉस्पिटलात असते. मीच लावलं तिला." भिंतीत खिळा लावावा, कुंडीत रोप लावावं, तसं.

या दिराला घरात सगळे पुढारी म्हणायचे. स्वतः तो कधी कशावर निवडून आला नाही. पण निवडून आलेल्या माणसाच्या फोटोत डावीकडे त्याचा खांदा हमखास दिसायचा. आत्याचे यजमान वारले तेव्हा त्याने कुणाकडे तरी शब्द टाकला आणि आत्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसली. काम तिने फार मनापासून केलं. घाबरून फोन करणाऱ्या माणसाला आधी श्वास घ्यायला लावायचा आणि मग वॉर्ड विचारायचा, ही तिची पद्धत. पण रजा मागितली, कुठे दोन शब्द जास्त बोलली, की हेडक्लार्क चष्म्यावरून बघून म्हणायचा, "बाई, तुम्ही कुणाच्या शब्दावर आलात ते विसरू नका." आत्या तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी परत खुर्चीत बसायची. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग हॉस्पिटलने मशीन बसवलं. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' असं एक गोड आवाज सांगू लागला आणि आत्या घरी आली. सुरुवातीला ती दुपारी मुद्दाम तो नंबर लावायची, पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मोलाचा आहे ना? मग उचल की मेले!" आम्ही हसायचो. नंतर तिने फोन लावणं सोडलं. कपाटं आवरायला लागली. आवरलेलं पुन्हा आवरायला लागली. दारावरची बेल वाजली की तिच्याही आधी तिचा हात कानाकडे जायचा, जिथे पूर्वी हेडफोन असायचा.

ती सासूबाईंबरोबर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन ती सरळ आमच्याकडे आली आणि बाबांना म्हणाली, "नगरसेविकेच्या ऑफिसाबाहेर कागद लावलाय. मदतनीस पाहिजे. लोकांशी बोलता आलं पाहिजे, म्हणे. मी दुसरं काय केलं रे आयुष्यभर?"

तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

सासूबाईंना सांगायला आम्ही तिच्याबरोबर वर गेलो, तर बातमी ऐकून पुढारी तिथे हजर. "वहिनी, काळजीच सोडा. त्यांचा तो सहायक आपल्या हातातला आहे. एक फोन टाकतो."

"भावजी, तुम्ही फोन करायचा नाही."

"अहो, जगाची रीत आहे. ओळखीशिवाय स्मशानात जागा मिळत नाही."

आतल्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "तुझी ओळख आहे ना तिथे? मग तू आधी जाऊन बघून ये."

पुढारी ओशाळून हसला. आत्या मात्र हसली नाही. "मी माझ्या पायांनी जाणार. मिळाली तर माझी, नाही मिळाली तर तीही माझीच. तुम्ही मध्ये पडलात तर या घराचा जिना चढू नका."

तो गेल्यावर बाबांनी तिला समजावून पाहिलं. "अगं, एक फोनच तर आहे. तुझं काय झिजतं त्यात?"

"माझंच झिजतं," आत्या म्हणाली. "आजवर झिजलं तेवढं पुरे. उरलंय ते मला ठेवायचंय."

मुलाखतीला तिने मला सोबत नेलं. सोबत म्हणजे तिची पिशवी धरायला. ऑफिस एका जुन्या दुकानाच्या गाळ्यात होतं. शटरच्या पट्टीवरचं रंगाच्या दुकानाचं नाव पुसूनही अर्धं शिल्लक होतं. भिंतीवर नगरसेविकेचा हसरा फोटो, खाली एकमेकांना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली उलटी ठेवलेली, आणि प्यायला पेला एकही नाही. आत जायला दोन दारं. समोरचं काचेचं, बाजूचं लाकडाचं. काचेचं दार कुणासाठी उघडत नव्हतं.

सहायक बाहेर आला. त्याच्याजवळ दोन फोन होते आणि कुणाकडेही सरळ न बघण्याची सवय. रांगेतल्या पहिल्या माणसाला त्याने नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. विचारलं, "कुणाकडून?"

"डॉक्टरसाहेबांकडून."

"या आत." लाकडी दार उघडलं.

"तुम्ही कुणाकडून?"

"मामांकडून. म्हणजे ते ताईंचे प्रचारात..."

"हो, हो. या."

या ऑफिसची हीच पद्धत होती. तक्रार घेऊन येणारा असो की नोकरी मागणारा, पहिला प्रश्न तोच. उत्तर असलं की लाकडी दार, नसलं की लोखंडी खुर्ची. सहायक आत्यापाशी आला.

"कुणाकडून?"

"कुणाकडून नाही. मी आले."

"ओळख कुणाची?"

"माझी."

"तुमची कुणाशी?"

"माझी माझ्याशी. बरीच जुनी आहे."

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. सहायकाच्या कपाळावर आठी आली. "बाई, हे ऑफिस आहे."

"म्हणूनच आले. नाटक बघायचं असतं तर तिकीट काढलं असतं."

मी पिशवीत डोकं घालून काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. सहायक पुढच्या खुर्चीकडे सरकला. तिथे चौकातल्या फुलांच्या दुकानात काम करणारी एक बाई बसली होती. बाई कसली, मुलगीच. माझ्याहून फार तर थोडी मोठी. बोटांच्या कडा देठांनी हिरव्या झालेल्या, मनगटावर काट्यांचे बारीक ओरखडे. ती आल्यापासून खाली बघत होती. सहायकाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम विरघळला.

"तुम्ही वहिनी ना?"

तिने मागे वळून बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मग हळूच म्हणाली, "हो... म्हणतात तसं."

"मग बाहेर काय बसलात! या, या."

आत्याला सगळ्यांच्या शेवटी बोलावलं, तेही उभ्या उभ्याच. सहायकाने विचारलं, "कम्प्युटर येतो?"

"येतो."

"राग येतो?"

"तोही येतो."

दुपारी फुलवालीने बाहेर येऊन सांगितलं, तिला घेतलं. स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारखी ती आत्याला सांगत होती, "मावशी, मला काही विचारलंसुद्धा नाही हो. उद्यापासून या म्हणाले. मी दुकानात सांगून येते आता."

"चांगलं झालं," आत्या म्हणाली. आणि दोन पावलं गेल्यावर परत फिरून, "एक कर. पहिल्या दिवशी चार पेले आणून ठेव त्या पाण्यापाशी. माणसं घसा कोरडा करून बसतात इथे."

परतताना ती भरभर चालत होती. वळणावर म्हणाली, "पोरगी बरी आहे. हात कामाचे आहेत." मी हो म्हटलं. आमच्या गल्लीचं टोक आलं, तिथला बंद पडलेला दिवा आला. आत्याची चाल मंदावली. "मला हवी होती गं ती नोकरी," ती म्हणाली, आणि किल्ली शोधायला माझ्याकडून पिशवी घेतली.

संध्याकाळी आम्ही सगळे वरच होतो. पुढारी जिना चढून आला, हातात केकचा खोका. "अभिनंदन, वहिनी!"

"कशाबद्दल?"

"आता काय लपवता! सहायकाचा निरोप आला मला. 'तुमच्या वहिनींना घेतलं' म्हणाला. मी तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून गप्प होतो, पण शेवटी आपला एक शब्द..."

तो थांबला, कारण कुणीच हसत नव्हतं. आत्याने शांतपणे सांगितलं, "मला घेतलं नाही, भावजी."

पुढाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने तिथल्या तिथे सहायकाला फोन लावला आणि रुबाबात स्पीकरवर टाकला. "अहो, काय हे? आमच्या वहिनींना नाही म्हणालात?"

"नाही कसं! घेतलं की. फुलांच्या दुकानातल्या."

"कसलं फुलांचं दुकान? आमच्या वहिनी हॉस्पिटलात होत्या. उंच आहेत चांगल्या."

"त्या? त्या शब्दाला शब्द करणाऱ्या?" मग एकदम कळवळून, "अहो साहेब, तुम्हीच म्हणालात ना, अगदी गरीब गाय, तोंडातून शब्द फुटायचा नाही? तशी सगळ्या रांगेत एकच होती!"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं तर पेला हातात धरून म्हणाल्या, "माझी सून गरीब गाय! इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतोयस, कधी मान वर करून बघितलं नाहीस रे तिच्याकडे?"

फोनमधून सहायक विचारत होता, "नाव तरी सांगायचं होतंत!"

"नाव काय... वहिनीच की," पुढारी म्हणाला. त्याला नाव माहीत नव्हतं असं नाही. पण ते त्याच्या जिभेवर कधी आलंच नव्हतं, आणि लागलं तेव्हा सापडलं नाही.

"बरं, काही काळजी करू नका," सहायकाने मिटवून टाकलं. "ती फुलवाली काही कुणाची नाही. सकाळी सांगतो तिला, घोटाळा झाला. तुम्ही वहिनींना पाठवून द्या."

फोन बंद झाला. पुढाऱ्याने खोक्याची दोरी सोडायला घेतली. "झालं! शेवट गोड."

बाबाही म्हणाले, "चल, सुटलं. तू काही मागायला गेली नव्हतीस. आपोआप आलंय."

आत्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "ती काही कुणाची नाही," तिने सहायकाचं वाक्य हळू म्हणून पाहिलं, जणू ते तिला पाठ करायचं होतं. "दुकान सोडलं असेल तिने एव्हाना." मग पुढाऱ्याकडे वळून म्हणाली, "ती दोरी तशीच बांधा. जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. उतरताना सांभाळून."

सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून खाली आली तेव्हा बाबांना वाटलं, रात्रीत निवळली. पुढाऱ्यालाही तसंच वाटलं असावं. तो कोपऱ्यावर उभाच होता आणि मोठ्या उत्साहाने आमच्या पुढे चालू लागला, मिरवणुकीच्या पुढे चालतात तसा. आत्याने त्याला पुढे जाऊ दिलं. मी तिच्या चपलांचा आवाज ऐकत मागून चालले.

ऑफिसात पाण्यापाशी स्टीलचे पेले मांडलेले होते. पालथे, एकाशेजारी एक, घासूनपुसून. खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि एक म्हातारा पाणी पीत होता. फुलवाली काउंटरच्या बाजूला उभी होती. सहायक तिच्याशी हळू आवाजात बोलत होता आणि ती "हो, हो" म्हणत होती. पण तिचे हात काउंटरची कड सोडत नव्हते.

सहायकाने आम्हाला पाहिलं. "या वहिनी, या! तुमचंच चाललंय. माझी जरा चूक झाली."

"चूक कुठे झाली?" आत्याचा बोर्डावरचा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला. मोठा नव्हे, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाणारा. "तिने काल काही खोटं सांगितलं?"

"तसं नाही..."

"आज कामात चुकली?"

"अहो, आत्ता तर आली ती!"

"मग काढताय का?"

"तुमच्यासाठीच ना!" सहायक वैतागला. "तुम्हाला द्यायची आहे ही जागा. साहेबांचा शब्द आहे." त्याने पुढाऱ्याकडे हात केला. पुढारी आपोआप जरा ताठ झाला.

"माझ्यासाठी कुणी शब्द दिलेला नाही. दिला असेल तर तो 'गरीब गाय' म्हणून कुणी असेल तिच्यासाठी. तशी बाई आमच्या घरात राहत नाही."

काचेचं दार उघडलं. ते उघडतं हे मला तेव्हा कळलं. नगरसेविका बाहेर आली. फोटोतल्यापेक्षा बुटकी, भाषणांनी घसा बसलेली, हातात अर्धा चहा. "सकाळी सकाळी काय चाललंय?"

सहायकाने घाईघाईने सगळं सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते जरा विचित्र वाटलं असावं. शेवटची वाक्यं त्याने गिळूनच टाकली. नगरसेविकेने आत्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला नोकरी नको?"

"हवी आहे, ताई. फार हवी आहे. पण तिची नको."

"जागा एकच आहे."

"मग ती भरली आहे."

"अहो, पण ती चुकून भरली!"

"तेच सांगतेय," आत्या म्हणाली. "या ऑफिसात ओळखीशिवाय लागलेली ही एकटीच बाई असेल. तीसुद्धा चुकून. तेवढी एक चूक राहू द्या."

खुर्च्यांवर कुणीतरी घसा खाकरला. पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्याने पेला मुद्दाम जोरात खाली ठेवला. फुलवालीने पहिल्यांदा मान वर केली. नगरसेविकेची नजर त्या माणसांवरून फिरली, मग पेल्यांवर थांबली. राजकारणातली बाई, खोलीतलं वारं तिला लगेच कळलं.

"हे कुणी आणले?"

"मी," फुलवाली म्हणाली. "पण सांगितलं या मावशींनी."

"राहू दे हिला," नगरसेविका सहायकाला म्हणाली. आणि आत्याला, "आणि तुम्ही... खरं सांगू? तुमच्यासारखी बाई मला काउंटरमागे परवडायची नाही."

"काउंटरपुढे तरी परवडून घ्यावीच लागेल," आत्या म्हणाली. ती शांतपणे जाऊन लोखंडी खुर्चीवर बसली. "आमच्या गल्लीच्या टोकाचा दिवा उन्हाळ्यापासून बंद आहे. तक्रार लिहून घ्या."

नगरसेविकेला हसू आलं की राग, ते चहाच्या कपामागे गेलं. ती आत निघून गेली; काचेचं दार जाताना उघडंच राहिलं. सहायक सवयीने पुढे झाला. "कुणाक..." म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. फुलवाली मात्र काउंटरमागे जाऊन बसली होती. तिने कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि आत्याकडे बघून विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?"

आत्याने सांगितलं. पूर्ण सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा. बोर्डावर पेशंटची नावं सांगायची तसं. पुढारी दाराशी उभा राहून ऐकत होता. जिना उतरताना पायरी चुकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

घरी बाबा बरेच चिडले. "हात दाखवून अवलक्षण! आता बस कपाटं आवरत." सासूबाईंनी मात्र तिला जवळ बोलावून घेतलं आणि इतकंच म्हणाल्या, "दिवा लागला तर सांग. मला खाटेवरून दिसत नाही, पण कळलेलं बरं." दिवा लागला. फुलवाली स्वतः बघून गेली.

आत्याने कपाटं आवरली नाहीत. महिना उलटायच्या आत तिला कळलं, मोठ्या रस्त्यापलीकडच्या प्रभागातल्या नगरसेवकालाही ऑफिसात माणूस हवा आहे. पक्ष वेगळा, रंग वेगळा, भिंतीवरचा फोटो वेगळा. खुर्च्या त्याच, लोखंडी. मी पुन्हा पिशवी धरून गेले. इथे काउंटरवर एक टक्कल पडलेला कारकून होता. आत्या समोर उभी राहिली. तो प्रश्न विचारायला तोंड उघडतो न उघडतो तोच थबकला. तिची उंची पाहिली, तिचा ताठ कणा पाहिला.

"तुम्हीच का त्या?" त्याने विचारलं. "पलीकडच्या ऑफिसातल्या? नोकरी नाकारून तक्रार लिहायला बसल्या त्या?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांचा सहायक माझा मेहुणा लागतो. म्हणाला, ती बाई तुमच्याकडे येईल, तर सावध राहा. शब्दाला शब्द करते."

मी परत निघायच्या तयारीने दाराकडे वळले. आत्याने मात्र माझ्या हातातून पिशवी घेतली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि पदरी काही जमा झाल्यासारखी प्रसन्न दिसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे ओळख झालेली आहे. आता कामाचं विचारा."